मुंबईची पहिली हौशी फोटोग्राफिक सोसायटी आणि आपली बिननावाची माणसे

(आपल्या मंडळीसमोर दिलेल्या व्याख्यानाचा ध्वनिमुद्रणावरून उतरविलेला मजकूर)



आपण आज जेथे जमलो आहोत त्या पाया लेबार या नावापासूनच मी आरंभ करतो. मलय भाषेत 'पाया' म्हणजे दलदल आणि 'लेबार' म्हणजे रुंद, विस्तीर्ण. पलीकडे काम्पोंग उबी होते. 'उबी' म्हणजे कंद. गेलांग सेराईतील 'सेराई' म्हणजे आपला गवती चहा. दलदल, कंद आणि गवती चहा ही या परिसराची जुनी ओळख होती. आता येथे मेट्रोचे फलाट आहेत, काचेच्या कचेऱ्या आहेत, आणि आपणांपैकी बहुतेकांची घरे चौदाव्या-पंधराव्या मजल्यावर आहेत. नावे राहिली, पण ज्यांवरून ती पडली त्या गोष्टी गेल्या. त्या कशा दिसत होत्या हे आज पाहावयाचे असेल, तर एकच मार्ग उरतो: कोणी तरी हौशी माणसाने सुट्टीच्या दिवशी सायकलवरून येऊन काढलेली छायाचित्रे.

आजचा माझा विषय म्हणजे ही हौशी माणसे आणि त्यांची मंडळे. मंडळाचा इतिहास म्हटला म्हणजे स्थापना, अध्यक्ष, वार्षिक सभा आणि वर्गणी एवढेच डोळ्यांपुढे येते. परंतु आपल्या समाजाच्या दृष्टीने या इतिहासात एक गंभीर प्रश्न दडलेला आहे. आपले पूर्वज कॅमेऱ्यासमोर प्रथम उभे राहिले तेव्हा कॅमेरा कोणाच्या हातात होता, आणि चित्राखाली नाव कोणी लिहिले? या प्रश्नाचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला सुमारे पावणेदोनशे वर्षे मागे, मुंबईस जावे लागेल.

१८३९ साली पॅरिसमध्ये दागेर यांच्या छायाचित्रण पद्धतीची घोषणा झाली. पुढच्याच वर्षी कलकत्त्यात कॅमेरे विकत मिळू लागले. मुंबईत ही विद्या रुजली ती मात्र एका मंडळामुळे. ऑक्टोबर १८५४ मध्ये 'फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे' स्थापन झाली. हिंदुस्थानातील अशा प्रकारची ही पहिली संस्था होय. कलकत्ता आणि मद्रास येथील संस्था तिच्यामागून, १८५६ मध्ये निघाल्या. मुंबईच्या संस्थेचा आरंभ १३ सभासदांनी झाला, अध्यक्षस्थानी कॅप्टन हॅरी बार हे लष्करी अधिकारी होते, आणि थोड्याच काळात सभासदसंख्या २०० च्या पुढे गेली. १८५५ पासून संस्थेने स्वतःचे नियतकालिकही काढले.

हे सभासद कोण होते? लष्करातील अधिकारी, सरकारी नोकर, डॉक्टर, व्यापारी. फोटोग्राफीवर पोट भरणारे त्यांत थोडे. बाकी सारे हौशी. आपल्याकडे म्हण आहे की हौसेला मोल नाही. आणि ही हौस खरोखरच महागडी होती. कॅमेरा विलायतेहून येई, भिंगे विलायतेहून येत, रसायने जहाजातून येता येता खराब होत. म्हणूनच मंडळ हवे होते. कोणाचे रसायन बिघडले, कोणी उकाड्यावर काय उपाय शोधला, कोणत्या कागदावर चित्र टिकते, हे एकमेकांस सांगण्यासाठी माणसे एकत्र येत. ज्ञान एकट्याने सांभाळण्यापेक्षा वाटून घेणे स्वस्त पडते, हे हौशी मंडळांचे मूळ तत्त्व आहे.

त्या काळी एक चित्र काढणे म्हणजे काय होते, हे आजच्या मुलांना सांगितले पाहिजे. १८५१ साली फ्रेडरिक स्कॉट आर्चर या इंग्रज गृहस्थाने ओल्या काचेची पद्धत प्रसिद्ध केली. स्वच्छ काचेवर कोलोडियन नावाचा चिकट द्रव ओतावयाचा, तो सर्वत्र सारखा पसरवावयाचा, मग अंधारात ती काच चांदीच्या क्षाराच्या द्रावणात बुडवावयाची आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात बसवावयाची. चित्र घेतल्याबरोबर पुन्हा अंधारात नेऊन धुवावयाची. काच सुकली की सारे श्रम वाया. मुंबईच्या उन्हाळ्यात ती किती लवकर सुकत असेल याची कल्पना आपण करू शकता. बाहेरगावी जाताना काळोखा तंबू, काचांच्या पेट्या, रसायनांच्या बाटल्या आणि पाणी, एवढा संसार बरोबर न्यावा लागे. म्हणून कित्येक हौशी मंडळी काचेऐवजी मेणकागद पसंत करीत; तो आधी तयार करून ठेवता येई. उलट्या चित्रावरून सुलटे चित्र छापण्यासाठी जो कागद वापरत, त्यावर अंड्यातील पांढऱ्या बलकाचा थर दिलेला असे.

चित्र घेण्यास कित्येक सेकंद लागत. तोवर समोरच्या माणसाने हलावयाचे नाही. जुन्या छायाचित्रांतील आपली माणसे इतकी गंभीर, ताठ आणि कधी कधी रागावलेली का दिसतात, असे मुले विचारतात. ती रागावलेली नव्हती. ती श्वास रोखून उभी होती.

आता या मंडळातील आपल्या मराठी माणसांकडे वळू. डॉ. भाऊ दाजी लाड हे नाव आपणांस परिचित आहे. गोव्यातील मांद्रे गावी जन्मलेले, मुंबईतील नामांकित डॉक्टर, शिलालेखांचे अभ्यासक. भायखळ्याचे जुने वस्तुसंग्रहालय १९७५ पासून त्यांच्याच नावाने ओळखले जाते. भाऊ दाजी या फोटोग्राफिक सोसायटीचे सभासद होते. त्यांचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी हे तर स्वतः उत्तम छायाचित्रकार होते आणि संस्थेच्या कारभारातही त्यांचा वाटा होता. साहेब लोकांच्या मंडळात आपल्या माणसाने केवळ सभासद न राहता काम करून दाखविणे, ही १८५० च्या दशकात लहान गोष्ट नव्हती.

दुसरे नाव हरिचंद चिंतामण यांचे. १८५५ मध्ये एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये छायाचित्रणाचा वर्ग सुरू झाला. त्यातील ते विद्यार्थी. पुढे त्यांनी मुंबईत स्वतःचा स्टुडिओ थाटला आणि त्यांची छायाचित्रे १८६७ च्या पॅरिस प्रदर्शनात मांडली गेली. साहेबाच्या हौसेतून देशी माणसाचा धंदा उभा राहिला तो शाळेच्या वर्गामार्गे. जेथे विद्या शिकविण्याची सोय झाली, तेथे ती एका वर्गाच्या हातात राहिली नाही, ही गोष्ट मी मुद्दाम नोंदवितो.

याच मंडळातील एक संस्थापक सभासद म्हणजे विल्यम जॉन्सन. मूळचे सरकारी नोकर. नंतर त्यांनी ग्रँट रोडवर छायाचित्रांचा स्टुडिओ काढला. विल्यम हेंडरसन यांच्या साहाय्याने त्यांनी १८५६ च्या अखेरीपासून १८५८ पर्यंत दरमहा एक संग्रह प्रसिद्ध केला. त्याच्या नावातच 'हिंदुस्थानातील हौशी' असा शब्द होता. त्या काळी छायाचित्र पुस्तकात छापण्याची सोय नव्हती. प्रत्येक प्रतीत प्रत्यक्ष छायाचित्रे चिकटवून दिली जात. या संग्रहात इमारती होत्या, देखावे होते, आणि मुंबईतील निरनिराळ्या जातिजमातींची चित्रे होती: ब्राह्मण, वाणी, पारशी, कोळी, आणखी कित्येक. पुढे जॉन्सन यांनी याच साहित्यातून मुंबईतील रहिवासी आणि पाहुण्या जमातींवर दोन खंडांचे पुस्तक तयार केले. ते १८६३ आणि १८६६ मध्ये लंडनला प्रसिद्ध झाले.

या दोन खंडांतील चित्रांची रचना कशी केली होती, हे आपण लक्षात घेतले पाहिजे. माणसांची चित्रे एका ठिकाणी घेतली, मागील देखावा दुसऱ्या ठिकाणचा घेतला, आणि दोन्ही जोडून एक चित्र केले. म्हणजे चित्रात जी माणसे एखाद्या इमारतीसमोर किंवा रस्त्यावर उभी दिसतात, ती तेथे कधी उभी राहिली असतीलच असे नाही. कॅमेरा खोटे बोलत नाही अशी आपली समजूत असते. कॅमेरा बोलतच नाही. बोलतो तो चित्र मांडणारा आणि चित्राखाली ओळ लिहिणारा.

आणि येथेच आपण येतो.

१८५६ सालचे म्हणून प्रसिद्ध असलेले मुंबईचे एक छायाचित्र आहे. त्यात बेने इस्राएल शिक्षक आहेत. ते फ्री जनरल असेंब्लीज इन्स्टिट्यूशन या स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकवीत. ही शाळा म्हणजे आजच्या विल्सन कॉलेजची पूर्वज. डॉ. जॉन विल्सन १८२९ मध्ये मुंबईस आले; १८३२ मध्ये त्यांनी मराठीतून हिब्रू व्याकरणाचे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि आपल्या कित्येक मुलांनी हिब्रू अक्षरे त्यांच्या शाळेत गिरविली. मिशनचा हेतू काय होता हे आपले पूर्वज ओळखून होते. त्यांनी विद्या घेतली, आणि धर्म आपलाच ठेवला. अलिबाग, पेण, रोहा, पनवेल, रेवदंडा येथील तेलाचे घाणे आणि शेती सोडून मुंबईस आलेल्या कुटुंबांतील मुले एक-दोन पिढ्यांत शिक्षक झाली, हेच त्या चित्राचे खरे महत्त्व. शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून ज्यांना गावकरी 'शनवार तेली' म्हणत, त्यांची मुलेनातवंडे आता शाळामास्तर म्हणून कॅमेऱ्यासमोर आली होती.

परंतु आज ते चित्र ज्या ओळीसह प्रसिद्ध आहे, त्या ओळीत संस्थेचे नाव आहे, समाजाचे नाव आहे, शहराचे नाव आहे, वर्ष आहे. माणसाचे नाव एकाचेही नाही. हे कोणाचे पणजोबा? कोणत्या गावचे 'कर'? घरी कोण होते? आपल्यापैकी एखादे कुटुंब त्यांचेच वंशज असणे अगदी शक्य आहे. आणि ते कुटुंब त्या चित्रासमोरून परक्यासारखे पुढे निघून जाईल.

याच १८५० च्या दशकातील दुसरे एक छायाचित्र याच्या शेजारी ठेवून पाहा. त्यात डेव्हिड ससून आपल्या मुलांसह आहेत. वडील आणि दोन मुले पूर्वेकडील जुन्या पेहरावात, तर एक मुलगा इंग्रजी पोशाखात. हे चित्र जगभर पुस्तकांत छापले जाते, आणि चौघांचीही नावे त्याखाली असतात. का? ससून श्रीमंत होते म्हणून, एवढे उत्तर पुरेसे नाही. त्यांच्या घराण्याने ते चित्र आपले म्हणून सांभाळले आणि कोण कोण आहे हे पुढच्या पिढीस सांगितले, हेही तितकेच खरे कारण आहे. आपल्या शिक्षकांचे चित्र मात्र 'नमुना' म्हणून जपले गेले. एक कुटुंबाची आठवण झाले, दुसरे एका जातीचा दाखला झाले. दोन्ही चित्रांत यहुदी माणसेच आहेत, आणि दोन्ही एकाच शहरातील, एकाच दशकातील.

नमुना म्हणून माणसांकडे पाहण्याची ही दृष्टी पुढे सरकारी झाली. लॉर्ड कॅनिंग आणि त्यांच्या पत्नी यांच्या खाजगी संग्रहाच्या हौसेतून आरंभ झालेले काम वाढत गेले, आणि १८६८ ते १८७५ या काळात हिंदुस्थानातील लोकांवरील ८ खंड लंडनला प्रसिद्ध झाले. त्यांच्या आधारे साहेबाने कोणती जात कशी, विश्वासू की अविश्वासू, हे वाचावयाचे. हौशी मंडळांनी हे हेतुपूर्वक केले असे मी म्हणणार नाही. याच मुंबईच्या मंडळातील थॉमस बिग्ज यांना १८५५ मध्ये सरकारने विजापूर आणि धारवाडकडील जुन्या वास्तूंची छायाचित्रे घेण्याच्या कामावर नेमले, आणि त्या चित्रांचे ऋण आजचे संशोधकही मानतात. एकच साधन होते, पण देवळाचा दगड टिपणे वेगळे आणि जिवंत माणसाला दगडासारखे टिपणे वेगळे.

हौशी मंडळे राजकारणापासून अलिप्त असतात, असेही समजू नये. कलकत्त्याच्या फोटोग्राफिक सोसायटीत थोर पंडित राजेंद्रलाल मित्र कारभारी मंडळात होते. १८५७ मध्ये त्यांनी निळीच्या मळेवाल्यांच्या जुलमाविरुद्ध जाहीर भाषण केले. त्यावरून गोऱ्या सभासदांनी त्यांना संस्थेतून काढून टाकले. भाषण फोटोग्राफीवर नव्हतेच. परंतु कोणाला आत घ्यावयाचे आणि कोणाला बाहेर ठेवावयाचे हे मंडळ ठरवीत असते. आणि जो आत असतो त्याच्याच हातात कॅमेरा असतो.

आता सिंगापूरकडे येऊ. या बेटावर फोटोग्राफी मुंबईच्या मंडळाच्याही आधी आली. डिसेंबर १८४३ मध्ये लंडन हॉटेलचे मालक गास्तों द्युत्रोंक्वा यांनी वर्तमानपत्रात जाहिरात देऊन लोकांची छायाचित्रे काढून देण्यास आरंभ केला. १८४४ मध्ये जूल इतिये या फ्रेंच अधिकाऱ्याने येथील नदीकाठची जी चित्रे घेतली, ती सिंगापूरची उपलब्ध असलेली सर्वांत जुनी छायाचित्रे मानली जातात. आपल्या बगदादी बांधवांनी १८७८ मध्ये वॉटरलू स्ट्रीटवर मागेन अबोथ सिनेगॉग बांधले, तेव्हा शहरात लॅम्बर्ट कंपनीसारखे स्टुडिओ चांगले चालत होते.

हौशी मंडळाचा काळ येथे खऱ्या अर्थाने आला तो दुसऱ्या महायुद्धानंतर. १९५० मध्ये सिंगापूर कॅमेरा क्लब निघाला. आजची फोटोग्राफिक सोसायटी ऑफ सिंगापूर ती हीच. याच पिढीतील यिप चिआँग फन हे नाव मी आपणांस आवर्जून सांगतो. सामान्य नोकरी सांभाळून फावल्या वेळात कॅमेरा घेऊन फिरणारा हा माणूस. भल्या पहाटे समुद्रावरच्या होडीचे त्यांनी १९५७ मध्ये घेतलेले चित्र फार गाजले. १९८४ मध्ये येथील सरकारने त्यांना कल्चरल मेडॅलियन देऊन गौरविले. १९८९ मध्ये ते निवर्तले. परंतु मला त्यांच्या बक्षिसांहून मोलाची वाटतात ती त्यांनी घेतलेली साध्या जीवनाची चित्रे: काम्पोंगातील पोरे, कोळी, म्हातारी माणसे, चायनाटाउनचे रस्ते.

कारण त्यानंतर काय झाले ते आपण जाणता. १९६० मध्ये एचडीबीची स्थापना झाली. मे १९६१ मध्ये बुकित हो स्वी येथे आग लागली आणि सुमारे १६,००० लोक एका दिवसात बेघर झाले. पुढच्या दोन-तीन दशकांत एकामागून एक गावे उठली. पाया लेबारचा विमानतळ तर त्याआधीच, १९५५ मध्ये, दलदल भरून काढून सुरू झाला होता. आपणांपैकी जी कुटुंबे १९८१ पूर्वी मुंबईहून विमानाने येथे आली, त्यांचे सिंगापूरच्या भूमीवरील पहिले पाऊल पाया लेबारलाच पडले. त्या वर्षी विमानतळ चांगीला गेला आणि येथे हवाई दलाचा तळ राहिला. तोही २०३० च्या दशकापासून हलविण्याचे सरकारने जाहीर केले आहे. म्हणजे एकाच भूमीचे हे चौथे रूप होईल. प्रत्येक रूप पुसले जाताना कोणी तरी तेथे कॅमेरा घेऊन उभा असला, तरच पुढच्यांस ते दिसते.

येथील काम्पोंगवासीयांची स्थिती आणि आपली स्थिती यांत मला मोठे साम्य दिसते. आपलेही काम्पोंग होते. नवगाव, रेवदंडा, आष्टमी, पेण ही आपली काम्पोंगे. तेथील घाणे थांबले, घरे विकली गेली, ओट्यांवर दुसरी माणसे बसू लागली. १९४८ नंतर बहुसंख्य कुटुंबे इस्राएलला गेली. काही इंग्लंडला, काही ऑस्ट्रेलियाला, काही येथे आली. जाताना बरोबर काय नेले? सिद्दूर, शब्बाथचा दिवा, थोडे दागिने, आणि फोटो.

हे फोटो बहुधा आपल्याच हौशी माणसांनी काढलेले आहेत. विसाव्या शतकात कॅमेरा स्वस्त झाला. मुंबईत १९३२ मध्ये कॅमेरा पिक्टोरिअलिस्ट्स आणि १९३७ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी ऑफ इंडिया ही मंडळे निघाली, आणि हौस साहेबाच्या बंगल्यातून चाळीत उतरली. पुढे बडोद्यास तयार होणारा आग्फा क्लिक थ्री आला. एका रोलमध्ये १२ फोटो. एक मामा किंवा काका घरात असा असेच, की ज्याच्या गळ्यात तो काळा कॅमेरा लटके. लग्नातील मेंदी, मलिद्याचे ताट, अलिबागच्या किनाऱ्यावरील सहल, आजीची नऊवारी, सारे त्याने टिपले. रोल धुवायला टाकावयाचा आणि आठ दिवस वाट पाहावयाची. आपल्या समाजाचे खरे कॅमेरा मंडळ हेच होते. त्याला ना अध्यक्ष होता, ना वर्गणी.

शंभर वर्षांत अखेर कॅमेरा आपल्या हातात आला. मग आता चित्राखाली नाव आहे का?

माझ्या आजीच्या पत्र्याच्या पेटीत १७ फोटो निघाले. त्यांपैकी ११ फोटोंमागे काहीही लिहिलेले नव्हते. एकामागे केवळ 'आपली मंडळी' असे मोडी वळणाच्या अक्षरांत लिहिले होते. लिहिणाराला ते पुरेसे होते, कारण त्याला आपली मंडळी माहीत होती. आज ती ओळ वाचणारा मी उरलो, आणि मंडळीत माझ्या ओळखीचे कोणी नाही. परक्याने लिहिले 'बेने इस्राएल', घरच्याने लिहिले 'आपली मंडळी'. परिणाम एकच झाला.

हा केवळ हळवेपणाचा विषय नाही. १९६० च्या दशकाच्या आरंभी इस्राएलमध्ये मुख्य रब्बीमंडळाने आपल्या विवाहांच्या बाबतीत पूर्वजांची मागील पिढ्यांपर्यंत चौकशी करावी असा आदेश काढला, तेव्हा आपल्या लोकांवर काय प्रसंग आला हे ज्येष्ठांना आठवत असेल. आजीचे नाव काय, ती कोणाची मुलगी, लग्न कोठे झाले? जे शतकानुशतके शब्बाथ पाळत आले त्यांना आपण कोण हे सिद्ध करण्यास सांगितले गेले. आपल्या लोकांनी चळवळ केली, सत्याग्रह केला, आणि १९६४ मध्ये इस्राएलच्या संसदेने व सरकारने आपण सर्वार्थाने यहुदी असल्याचे स्पष्ट केले. तो लढा स्वाभिमानाने जिंकला गेला. परंतु त्यातून एक शहाणपण घ्यावयाचे राहू नये: आपली नोंद आपण ठेवली नाही, तर आपण कोण हे दुसरे ठरवू पाहतात. कधी मिशनरी, कधी संग्राहक, कधी आपलेच धर्माधिकारी.

आणखी एक गोष्ट केवळ आपल्याच समाजाला लागू आहे. शब्बाथच्या दिवशी आणि मोठ्या सणांच्या दिवशी आपण कॅमेऱ्याला हात लावीत नाही, आणि ते योग्यच आहे. परंतु त्याचा परिणाम असा की आपल्या जीवनाचा जो गाभा, शुक्रवारची संध्याकाळ, किद्दूशचा पेला, योम किप्पूरची नेइला, त्याचे एकही खरे छायाचित्र आपल्या अल्बमांत नाही. शंभर वर्षांनी कोणी केवळ आपले फोटो पाहिले, तर त्याला वाटेल की ही माणसे नुसती लग्ने करीत आणि सहलीला जात. जेथे कॅमेरा जाऊ शकत नाही, तेथे शब्दच गेले पाहिजेत. आपल्या घरी शुक्रवारी काय शिजत असे, दिवा कोण लावी, हन्नावीचे गाणे कोणत्या चालीवर म्हणत, हे लिहून काढावे लागेल. एल्फिन्स्टनच्या वर्गात काच धुणे शिकविले. हे शिकविण्याचा वर्ग घराघरांत भरविला पाहिजे.

म्हणून शेवटी आपणांस काही साध्या सूचना करतो. घरातील जुने फोटो बाहेर काढा. चिकट पानांच्या अल्बममध्ये ते असतील तर हलक्या हाताने सोडवा. त्या गोंदाने फोटो खराब होतात. निघत नसतील तर ओढू नका, तसेच स्कॅन करून घ्या. फोटोमागे बॉलपेनने लिहू नका. शाई पुढच्या बाजूस उमटते. मऊ पेन्सिलीने, कडेला, न दाबता लिहा. पूर्ण नाव लिहा, माहेरचे नाव लिहा, गाव लिहा, प्रसंग लिहा. 'डावीकडून तिसरी, मोठी आत्या' असे लिहिले तर कोणाची आत्या तेही लिहा. कारण तो फोटो पाहणारा आज जन्मलेला नाही. फोटो कोणी काढला हेही ठाऊक असेल तर लिहा. काढणारा कधीच चित्रात दिसत नाही. नाव ठाऊक नसेल तर अंदाजाने लिहू नका, रिकामी जागा सोडा आणि ती जागा घेऊन घरातील सर्वांत वयस्क माणसाकडे याच आठवड्यात जा. पुढच्या सुट्टीपर्यंत थांबू नका. फोटो टिकाऊ आहेत. ओळखणारी माणसे टिकाऊ नाहीत.

१८५४ मध्ये १३ माणसे एकत्र आली आणि त्यांच्या हौसेतून एका शहराचा चेहरा आपल्याला पाहावयास मिळाला. आपणही येथे तेवढे जण सहज आहोत. महिन्यातून एका रविवारी प्रत्येकाने पाच फोटो घेऊन यावे, एकाने विचारावे, दुसऱ्याने लिहून घ्यावे, मुलांनी स्कॅन करावे, एवढे जरी झाले तरी वर्षभरात आपल्या समाजाचा या देशातील पहिला नामनिशीवार चित्रसंग्रह उभा राहील. आणि कोण जाणे, त्या १८५६ च्या शिक्षकांपैकी एखाद्याचा चेहरा कोणाच्या तरी पेटीत, नावासकट, अजून वाट पाहत असेल.

ज्यांना या कामात भाग घ्यावयाचा आहे, त्यांनी आज जाताना दाराजवळच्या वहीत आपले नाव लिहून जावे. पूर्ण नाव, आणि गावासकट.

शालोम.